दुसरी रेषा

कप्तान निषाद दार सरकवून आत आला आणि वैद्य इरावतीने कामातून मान वर केली. बस्स, इतकंच. दोघं बोलले नाहीत, जवळ आले नाहीत, मागे सनईसुद्धा वाजली नाही. पण मिरजेत वृषाली तांबटच्या दोन खोल्यांत त्या रविवारी सकाळी दाटीवाटीने बसलेल्या मंडळींनी असा काही गिल्ला केला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

"चढली! नाडीताई, चढली की!"

चढली होती ती इरावतीची नाडी. टीव्हीच्या खालच्या कडेला एक हिरवी रेषा धावत होती. निषाद दारात दिसला तशी ती उसळून वर गेली आणि तो बाहेर जाईपर्यंत खाली आली नाही. निषादची रेषा मात्र तिच्याखाली निवांत चालली होती. तिचाही अर्थ मंडळींनी लावून ठेवला होता. पुरुषाची जात, मनातलं दाखवत नाही.

'परतीची कक्षा' ही मालिका पृथ्वीकडे परत निघालेल्या आणि वाट चुकलेल्या एका यानाची होती. चार हंगाम झाले तरी यान पोचलं नव्हतं आणि पोचावं अशी कुणाची फारशी इच्छाही नव्हती. लोक बघत होते ते निषाद आणि इरावतीसाठी. या दोघांत काही आहे असं मालिकेत कुणी, कधीही म्हटलेलं नाही. लेखकांच्या डोक्यातही बहुधा ते नसावं. पण दुसऱ्या हंगामात निषादने आपल्या वाट्याचं पाणी इरावतीला दिलं आणि महाराष्ट्रभर हजारो माणसांची झोप उडाली. नुसतं पाणी दिलं हो, पण ज्या रीतीने दिलं! तेव्हापासून या जोडीला 'निरा' म्हणू लागले, आणि ज्यांना दोघांत फक्त सहकाऱ्यांची माया दिसते त्या अरसिकांना 'कोरडे'. निरावाले आणि कोरडे यांच्यात जी भांडणं झाली, तेवढी भावकीतसुद्धा होत नसतील.

ती भांडणं कायमची मिटवली वृषालीने.

ती मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात तंत्रज्ञ होती. अलीकडे तिथे रुग्णाच्या अंगाला वायरी चिकटवत नसत. खाटेसमोर एक कॅमेरा असे, त्याला सगळे 'डोळा' म्हणत. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीत थोडं रक्त येतं आणि ओसरतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून ठोक्याठोक्याला चेहऱ्याचा रंग इवलासा बदलत राहतो. आपल्याला तो दिसत नाही, डोळ्याला दिसतो. त्यावरून तो दोन रेषा काढतो. पहिली रेषा गतीची, म्हणजे हृदय किती जोरात पळतंय त्याची. दुसरी रेषा उंचीची, म्हणजे प्रत्येक ठोक्याला कातडीत रक्त किती येतंय त्याची.

नव्या कॅमेऱ्यांवर चित्रित झालेल्या मालिकेतही एवढे बारीक रंग येतात, आणि यानात कोण पावडर लावून बसतंय म्हणून या मालिकेत चेहरे कोरेच ठेवायची टूम निघाली होती. वृषालीने एकदा गंमत म्हणून दवाखान्यातलं गणित मालिकेच्या दृश्यांना लावलं. निषाद आला की इरावतीचं हृदय पळतं! हंगामामागून हंगाम, दृश्यामागून दृश्य. भूमिका करणारी यामिनी खर्डेकर ओठांनी काहीही बोलो, काळीज तर नट नसतं ना? कोरड्यांची तोंडं बंद झाली. वृषाली एका रात्रीत नाडीताई झाली.

हे तिला किती हवं होतं ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. वृषालीचं लग्न वर्षभरही टिकलं नव्हतं. मारहाण नाही, व्यसन नाही, सांगण्यासारखं काहीच नाही. ती खोलीत आली तरी नवऱ्याची मान मोबाइलमधून वर होत नसे, एवढंच. परत माहेरी आली तेव्हा "पण त्याने केलं तरी काय?" असं आईने विचारलं आणि तिला उत्तर देता आलं नाही. इरावती मान वर करते हे तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हमसून हमसून रडली होती. जगात कुणीतरी कुणासाठी मान वर करतं, हे तिला खरं ठरवायचं होतं. आणि आता तिने ते गणिताने खरं ठरवलं होतं, तिच्या घरी माणसं येत होती, तिच्यासाठी डबे आणत होती.

डबे आणणाऱ्यांत पहिली निलोफर मुल्ला. शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी निषाद-इरावतीच्या कथा लिहायची. त्या कथांवर माणसं जीव टाकत. सुरुवातीला वृषालीने पडद्यावर दोन्ही रेषा ठेवल्या होत्या तेव्हा निलोफरनेच विचारलं होतं, "ही दुसरी गं कसली? वरची चढली की ही पडते. बघवत नाही."

"ती उंची. ती नको बघूस," असं म्हणून वृषालीने दुसरी रेषा बंद केली.

आता इथे वाचकांनी एक लक्षात ठेवावं. दवाखान्यात पहिली रेषा चढून दुसरी पडली की वृषाली धावत डॉक्टरांना बोलवायची. माणूस लाजतो, आवडत्या माणसाला बघून मोहरतो, तेव्हा हृदय पळतं आणि चेहऱ्यात रक्त भरतं. दोन्ही रेषा चढतात. पण माणूस वेदनेत असतो किंवा घाबरतो, तेव्हा हृदय पळतं आणि शरीर कातडीतलं रक्त आत ओढून घेतं. एक चढते, एक पडते. अतिदक्षता विभागातल्या कुणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. वृषालीने तर नव्या मुलींना शिकवलं होतं. घरी आली की मात्र तिला ते आठवत नसे.

नाडीताईची कीर्ती निर्मात्यांच्या कानावर गेली नसती तरच नवल. कोल्हापूरच्या पुढे एका बंद सूतगिरणीत मालिकेचा सेट होता. सर्जनप्रमुख सुदर्शन पालेकर यांनी तिला बोलावून घेतलं, समोर चहा ठेवला आणि म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं अंदाजाने काम करतोय, ताई. तुम्हाला तर दिसतं. पाचव्या हंगामात काय हवं, तुम्हीच सांगा."

वृषालीला विचार करावा लागला नाही. "दोघांना संकटात यानातून सुटायच्या कुपीत अडकवा," ती म्हणाली. "लहान कुपी. बाहेर पडायला वाट नको."

पालेकरांनी टेबलावर थाप मारली.

अशी ती भावसल्लागार झाली. दवाखान्यातून बिनपगारी रजा घेऊन मॉनिटरसमोर बसू लागली. कुपी खरोखरच लहान बांधली होती, दोन माणसं गुडघे दुमडून जेमतेम मावतील एवढी, आणि आत धोक्याचा लाल दिवा. प्रत्येक टेकनंतर दिग्दर्शक वृषालीकडे बघायचा. रेषा पुरेशी चढली असेल तर ती अंगठा वर करायची. नाहीतर म्हणायची, "आणखी एकदा."

निषादचं काम करणारा अधिराज कोठावळे माणूस मोठा लाघवी. पहिल्या दिवसापासून वृषालीला ताई म्हणायचा, भेटला की वाकून नमस्कार करायचा. आणखी एकदा म्हटलं की हसत हसत पुन्हा कुपीत शिरायचा. "तुम्ही सांगाल तितक्यांदा, ताई." यामिनी काही बोलत नसे. मिठीच्या एका दृश्याला वृषालीने इतक्यांदा आणखी एकदा म्हटलं की शेवटी स्पॉटदादाने यामिनीला हात देऊन बाहेर काढलं आणि ती गिरणीच्या भिंतीला टेकून ओकली.

"कुपीत हवा नाही फारशी," अधिराज म्हणाला. सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत यामिनी वृषालीसमोर येऊन बसली. तिच्या हातात ताट नव्हतं.

"ताई, तुम्ही अतिदक्षता विभागात होता ना?"

"हो. आहे अजून."

"माझे बाबा होते तिथे. तुमच्या नाही, साताऱ्यात. एकोणीस दिवस डोळ्यासमोर होते. मी खाटेशी बसून त्या दोन रेषांकडेच बघत असायचे." तिने दोन बोटं वर केली. "दोन असतात, ताई. तुम्ही लोकांना एकच दाखवता."

वृषालीने भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तोंडात घातला नाही.

"दुसऱ्या हंगामापासून चाललंय," यामिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, घरचं काही सांगावं तसा. "अधिराज कानात काय बोलतो ते माइकला ऐकू जात नाही. हात कुठे असतो ते कॅमेऱ्याला दिसत नाही. मी कंपनीच्या समितीकडे तक्रार केली. तर त्यांनी मला काय दाखवलं असेल? तुमचा आलेख. म्हणाले, तुमचं हृदय तर वेगळंच सांगतंय, बाई."

"मग तुम्ही मालिका सोडत का नाही?"

"करारात चेहरा लिहून दिलाय. मी गेले तर संगणक माझा चेहरा लावून इरावती उभी करेल, आणि ती त्याच्या मिठीत जाईल. मी घरी बसून बघायचं." यामिनीने वृषालीच्या मनगटावर हात ठेवला. तिची बोटं थंडगार होती. "बुधवारी सुनावणी आहे. तुम्ही फक्त दुसरी रेषा दाखवा. मला बोलावंच लागणार नाही. माझ्यावर नाही, पण तुमच्यावर विश्वास ठेवतील."

वृषाली "बघते" म्हणाली. यामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं काम झालं असं त्या भाबड्या मुलीला वाटलं.

घरी आल्यावर वृषालीने निलोफरला बोलावून घेतलं, यामिनीचं म्हणणं सांगितलं आणि दुसरी रेषा चालू केली. दोघी जमिनीवर बसून एकेक दृश्य बघू लागल्या. दारातलं दृश्य. उद्यानातलं. यानाच्या खिडकीशी दोघं उभी राहतात आणि खाली अंधार असतो, ते. निषाद आला की पहिली रेषा वर, दुसरी खाली. एकदाही चुकली नाही. पाण्याच्या दृश्यात तर दुसरी रेषा जवळजवळ जमिनीला टेकली होती. तो पाण्याचा पेला देतो आणि त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्त वेळ राहतात. त्या 'जरा जास्त वेळ'वर निलोफरने आख्खी एक कथामाला लिहिली होती.

"या अल्ला," निलोफर म्हणाली. "वृषा, पोरगी घाबरलीय गं. पहिल्यापासून घाबरलीय. आणि आपण टाळ्या वाजवल्या."

वृषालीने पुढचं दृश्य लावलं.

"बुधवारी जाशील आणि हे जसंच्या तसं दाखवशील. मी येते सोबत."

"आणि मग?"

"मग काय? सुटंल की ती बिचारी."

"मग निरा कुठे राहिली?" वृषालीचा आवाज चढला. "कुठलं दृश्य राहिलं? तुझ्या कथा? रविवारी इथे कोण येणार, निलू? मी पुन्हा त्या खाटांसमोर जाऊन बसू आणि घरी आईचं 'त्याने केलं तरी काय' ऐकू?"

निलोफर तिच्याकडे बघतच राहिली. "तू काय बोलतीयस ते कळतंय का तुला?"

पण वृषाली पडद्याकडे वळली होती. चार वर्षं तिने एकच काम केलं होतं. नजरेचा, श्वासाचा, पाण्याच्या पेल्याचा अर्थ लावायचा, आणि तो नेहमी एकच निघेल असा लावायचा. ती सवय अशी सहज सुटते थोडीच? बघता बघता तिचा चेहरा निवळला.

"भीती आहे, मान्य," ती हळूच म्हणाली. "पण कशाची? प्रेमाची. इरावतीने आधी माणसं गमावलीयत. जवळ येणाऱ्या माणसाची तिला भीती वाटणारच. निलू, हे तर आपण समजत होतो त्याच्याहून खोल आहे गं."

निलोफर उठली. आणलेला डबा तिने उघडलाही नव्हता. तो उचलून पिशवीत टाकला आणि चपला घालता घालता म्हणाली, "इरावती नाही गं ती. यामिनी आहे."

बुधवारी समितीसमोर अध्यक्ष कामेरकर वकीलबाईंनी नीट, सभ्यपणे विचारलं, "वृषालीताई, तक्रारदार म्हणतात की एक दुसरी रेषा असते आणि ती भीती दाखवते. खरं आहे का?"

यामिनी समोरच्या खुर्चीत बसली होती. कपाळावरचे केस मागे घेतलेले, चेहरा स्वच्छ. डोळ्याला नीट दिसावं म्हणून रुग्णांना बसवतात तशी.

"दुसरी रेषा असते," वृषाली म्हणाली. "पण कुपीतली सगळी दृश्यं लाल दिव्याखाली आहेत. रक्त शोषतं हिरवा प्रकाश. लाल उजेडात उंचीवर विश्वास ठेवता येत नाही. मी तरी दवाखान्यात ठेवणार नाही."

त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. आधीच्या हंगामांतली सगळी दृश्यं पांढऱ्या उजेडात होती आणि तिथेही दुसरी रेषा तशीच पडत होती, हे तिने सांगितलं नाही. वकीलबाईंना ते विचारायचं सुचलं नाही, आणि का सुचावं? समोर बसलेली बाई त्यातली जाणकार होती.

"म्हणजे राहते ती पहिली रेषा," वकीलबाई म्हणाल्या.

"हो. पहिली राहते."

यामिनीने एकदाच वृषालीकडे पाहिलं आणि मग खाली स्वतःच्या हातांकडे बघत बसली. तक्रार निकालात निघाली. बाहेर अधिराज उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि ताईंसाठी गाडी बोलावली.

निलोफर मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पांढऱ्या उजेडातली दृश्यं घेऊन तिने दोन्ही रेषा लोकांपुढे मांडल्या आणि शाळेत शिकवावं तसं समजावून सांगितलं. दुपारपर्यंत वृषालीचा खुलासा आला: भीती आहे, प्रेमाची आहे. लोकांनी तो असा उचलून धरला की बोलायची सोय नाही. संध्याकाळी त्यावर गाणी झाली. निलोफरला कोरडी म्हणाले, फितूर म्हणाले, मग तिच्या नावावरून आणि धर्मावरून जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्या शाळेत फोन गेले. तिच्या कथा ज्यांनी तोंडपाठ केल्या होत्या त्यांनीच ते केले. वृषालीने तिला एक निरोप पाठवायचं ठरवलं होतं, पण ते राहून गेलं.

हंगामाचं शेवटचं दृश्य राहिलं होतं. सुटकेचं यान येतं, कुपीचं दार उघडणार असतं, आणि त्याआधी इरावती निषादच्या खांद्यावर डोकं ठेवते. या दृश्यापुरता पांढरा उजेड लावला होता.

यामिनीने डोकं ठेवलं. रेषा हलली नाही.

"आणखी एकदा," वृषाली म्हणाली.

अधिराजने तिला जवळ ओढलं. रेषा हलली नाही. पहिली सपाट, दुसरी तळाशी. अतिदक्षता विभागात असं कधीकधी होतं. शरीर झगडून झगडून थकतं आणि मग काहीच करत नाही. नातेवाइकांना वाटतं, आराम पडला.

"आणखी एकदा."

काही उपयोग नव्हता. पालेकर घड्याळ बघू लागले. यामिनीच्या कपाळावर घामाने केस चिकटले आहेत, त्याने मोजणी बिघडत असेल असं वाटून वृषाली टिश्यू घेऊन स्वतःच उठली. कुपीशी वाकली आणि तिने कपाळाकडे हात नेला. यामिनीने मान वर केली.

मागे मॉनिटरपाशी बसलेला मदतनीस ओरडला, "चढली! ताई, चढली! ही तर तुम्हाला बघून चढली की!"

सेटवर हशा पिकला. अधिराजही हसला. वृषालीने वळून पाहिलं. पहिली रेषा कधी नव्हती तेवढी उसळली होती आणि दुसरी पार पडली होती. यामिनीचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. वृषालीचा हात तसाच हवेत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला बघून मान वर केली होती.

"कॅमेरा चालू होता?" तिने विचारलं.

"चालूच होता."

तिला 'हे नको' म्हणता आलं असतं. 'पुसून टाका' म्हणता आलं असतं. तिने टिश्यूचा बोळा केला, मुठीत धरला आणि मॉनिटरपाशी येऊन बसली.

"माझा हात कापा," ती म्हणाली. "नजर तेवढी ठेवा. पुढे निषादचा चेहरा जोडा."

पाचव्या हंगामात लोकांना सगळ्यांत जास्त आवडली ती हीच नजर. कुणी ती खिडकीच्या पडद्यांवर छापून घेतली, कुणी दंडावर गोंदवून घेतली. वृषाली आता मोठ्या घरात राहते. रविवारी तिच्या दिवाणखान्यात पन्नास माणसं बसतात आणि भिंतीएवढ्या पडद्यावर तो तुकडा पुन्हा पुन्हा लावतात. निलोफर यातल्या पुष्कळांना ठाऊकही नाही. सहाव्या हंगामाचं चित्रीकरण सोमवारी सुरू होणार होतं, त्याच्या आदल्या सकाळीही सगळे असेच जमले होते.

"थांबवा, थांबवा!" नव्याने येऊ लागलेली एक मुलगी म्हणाली. पडदाभर यामिनीचा चेहरा थांबला. मुलीचे डोळे भरून आले होते. "नाडीताई, अशी बघते तेव्हा काय असेल हो तिच्या मनात?"

सगळे वृषालीकडे वळले. यामिनी भिंतीवरून तिच्याकडेच बघत होती.

"प्रेम," वृषाली म्हणाली, आणि तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.